जीएचक्यू-१२ ची एक केस: फिट तीन फॅक्टरचा चांगला, तरी स्कोअर एकच का ठेवला

आधी परिस्थिती सांगतो. एका रिसर्च स्कॉलरने जीएचक्यू-१२ (जनरल हेल्थ क्वेश्चनेअर, १२ प्रश्नांची) ही मानसिक आरोग्याची प्रश्नावली तिच्या भाषेत आणली होती, भाषांतर, उलट भाषांतर, थोड्या लोकांवर ट्रायल हे सगळं रीतसर झालेलं, मोठा डेटाही हातात आलेला, आणि आता व्हॅलिडेशनच्या, म्हणजे प्रश्नावली नीट मोजते का ते तपासण्याच्या, चॅप्टरमध्ये कुठलं मॉडेल लिहायचं एवढंच ठरवायचं राहिलं होतं. तिने चार मॉडेल चालवून ठेवली होती, त्यात तीन फॅक्टरवालं (फॅक्टर म्हणजे प्रश्नांमागची न दिसणारी गोष्ट, जिच्यामुळे काही उत्तरं एकत्र हलतात) डेटाला मस्त बसत होतं, म्हणजे फिट चांगला होता, आणि माझ्याकडे ती आली ते खरं तर त्यावर शिक्का मारून घ्यायला. "सर, तीन फॅक्टर फायनल करू ना?" तिच्या गाईड मॅडमना एकच शंका होती की आपण प्रश्नावली वापरणार स्क्रीनिंगला, तिथे तर एकच टोटल लागते, मग तीन फॅक्टर घेऊन करायचं काय. मॅडमची शंका मला स्कॉलरच्या चारही टेबलांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली.

त्यांचे आकडे इथे देत नाही, पेपर अजून यायचाय आणि आकडे त्यांचे आहेत. खाली जी गणितं आहेत ती मात्र कोणीही कागद-पेन घेऊन तपासू शकेल अशी आहेत.

प्रश्नावलीच्या आत काय आहे

जीएचक्यू डेव्हिड गोल्डबर्ग यांची, १९७२ ची, मूळ ६० प्रश्नांची. मग ३०, २८ आणि १२ प्रश्नांच्या छोट्या आवृत्त्या आल्या आणि १२ वाली सगळीकडे पसरली कारण दोन-तीन मिनिटांत भरून होते. कॉपीराइट असल्यामुळे मूळ वाक्यं देत नाही, विषय सांगतो. सहा प्रश्न सरळ दिशेचे: लक्ष लागतं का, आपला काही उपयोग होतोय असं वाटतं का, निर्णय घेता येतात का, रोजच्या गोष्टींत मजा येते का, अडचणींना तोंड देता येतं का, एकंदर आनंदी आहात का. सहा उलट दिशेचे: काळजीने झोप उडणं, सतत ताण, अडचणी पार न होणं, उदास वाटणं, आत्मविश्वास जाणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं.

प्रत्येकाला चार पर्याय आहेत, पण दोन्ही गटांचे पर्याय वेगळे आहेत, आणि हे लोक पटकन विसरतात. सरळ प्रश्नांना "नेहमीपेक्षा जास्त" पासून "नेहमीपेक्षा खूपच कमी" पर्यंत, आणि उलट प्रश्नांना "अजिबात नाही, नेहमीपेक्षा जास्त नाही, जरा जास्त, खूप जास्त" असे. म्हणजे दोन गटांत फक्त वाक्याची दिशा बदलत नाही, उत्तराची पट्टीच बदलते. हे डोक्यात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरणार आहे.

तीन फॅक्टर आले कुठून

हे तीन फॅक्टर स्कॉलरने शोधलेले नव्हते, ते १९९१ च्या ग्रेट्झच्या पेपरमधले, आणि त्यानंतर कितीतरी भाषांतरांच्या पेपरमध्ये तेच मॉडेल जिंकलेलं दिसतं. पहिला फॅक्टर चिंता-नैराश्य, त्यात चार प्रश्न. दुसरा सामाजिक कार्यक्षमता बिघडणं, त्यात सहा. तिसरा आत्मविश्वास जाणं, त्यात दोन.

आता दुसरा फॅक्टर नीट बघा. त्यातले सहा प्रश्न म्हणजे बरोबर तेच सहा सरळ दिशेचे प्रश्न, एक इकडे नाही की एक तिकडे नाही. मी स्कॉलरला म्हटलं, फॅक्टरचं नाव झाकून ठेव आणि फक्त प्रश्न वाच, "लक्ष लागतं का" आणि "एकंदर आनंदी आहात का" यात सामाजिक असं काय आहे? ती थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली की नाही सर, काहीच नाही. नाव सुंदर दिलं की फॅक्टर खरा वाटायला लागतो, आपल्या क्षेत्राची ही जुनी खोड आहे.

तिसरा फॅक्टर आणखी गमतीचा. आत्मविश्वास आणि कुचकामी वाटणं हे दोन प्रश्न यादीत दहाव्या आणि अकराव्या जागी, एकमेकांना लागून. अर्थ जवळचा, जागा शेजारची, आणि दोन्हींत बहुतेक लोक खालचाच पर्याय निवडतात. असे दोन प्रश्न एकमेकांना चिकटणारच, त्यासाठी मागे वेगळा मानसिक गुणधर्म असायलाच पाहिजे असं नाही. शिवाय दोन प्रश्नांचा फॅक्टर स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, कारण दोन प्रश्नांत कोव्हेरियन्स (दोन प्रश्न किती एकत्र हलतात तो आकडा) मिळतो एक आणि काढायची असतात लोडिंग (प्रश्न फॅक्टरशी किती जोडलाय ते) दोन. बाकीच्या फॅक्टरशी संबंध जोडला म्हणून तो मॉडेलमध्ये टिकतो, एवढंच.

मग दुसरा खुलासा काय? २००८ मध्ये हँकिन्सने तोच मांडला: मागे एकच गोष्ट आहे, मानसिक त्रास, आणि त्यावर उलट दिशेच्या प्रश्नांच्या शब्दांमुळे येणारा एक जादा परिणाम आहे. त्याने एकाच फॅक्टरचं मॉडेल घेतलं, उलट प्रश्नांच्या एररना (फॅक्टरने न समजावलेल्या उरलेल्या भागांना) एकमेकांशी संबंध ठेवायची मोकळीक दिली, आणि ते मॉडेल ग्रेट्झच्या मॉडेलपेक्षा चांगलं बसलं.

फिटच्या आकड्यांवर किती विसंबायचं

इथे स्कॉलर म्हणाली मग तेही चालवते आणि ज्याचा फिट चांगला ते घेते. थांब म्हटलं, आधी हिशोब कर. १२ प्रश्नांच्या जोड्या ६६ होतात. साध्या एक फॅक्टरच्या मॉडेलला डिग्री ऑफ फ्रीडम (मॉडेलचे आकडे काढल्यावर शिल्लक राहणारी माहिती, जितकी कमी तितकं मॉडेल जास्त मोकळं) ५४ उरतात, दोन फॅक्टरला ५३, तीन फॅक्टरला ५१. हँकिन्ससारखं सहा उलट प्रश्नांच्या सगळ्या एरर मोकळ्या सोडल्या तर १५ जादा पॅरामीटर जातात आणि ३९ उरतात. त्याऐवजी उलट प्रश्नांसाठी एक स्वतंत्र मेथड फॅक्टर (विषयाचा नाही, विचारण्याच्या पद्धतीचा) ठेवला तर सहाच जातात, ४८ उरतात. आणि एक जनरल फॅक्टर (सगळ्या प्रश्नांमागचा) अधिक दोन्ही गटांना एकेक फॅक्टर असं पूर्ण बायफॅक्टर केलं तर ४२. म्हणजे ३९ वालं मॉडेल ५१ वाल्यापेक्षा चांगलं बसलं यात आश्चर्य काय, खिसे जास्त शिवले की सामान जास्त मावणारच. हँकिन्सचा मुद्दा मला पटतो, पण तो फिटच्या जोरावर पटवून घेऊ नये, नाहीतर उद्या कोणी आणखी चार एरर मोकळ्या सोडून आणखी चांगला फिट आणेल, आणि मॉडिफिकेशन इंडेक्स (काय मोकळं सोडलं तर फिट सुधारेल ते सांगणारा आकडा) बघून लोक रोज हेच करतात.

बायफॅक्टरचा मोह तर फारच वाईट. ही कल्पना १९३७ ची, होल्झिंगर आणि स्वाइनफर्डची, मध्ये बरीच वर्षं बाजूला पडली आणि मग पुन्हा फॅशनमध्ये आली. मॉडेल वाईट नाही पण इतकं लवचिक आहे की डेटात थोडा गोंधळ असेल तर तोही गिळून छान फिट दाखवतं. तिच्याही डेटात बायफॅक्टर सगळ्यात चांगला बसला आणि सरळ प्रश्नांच्या ग्रुप फॅक्टरवरची दोन-तीन लोडिंग शून्याला टेकलेली होती, म्हणजे तो फॅक्टर कागदावर आहे आणि प्रत्यक्षात विरघळलाय.

फिट मोजणाऱ्या आकड्यांच्या कटऑफचंही तेच. सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली, एसआरएमआर ०.०८ च्या खाली, हे हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या पेपरमधले आकडे आता मंत्रासारखे म्हटले जातात. पण ते सलग मोजमापाचा डेटा आणि मॅक्सिमम लाइकलीहूड पद्धत धरून केलेल्या सिम्युलेशनमधून आलेत. चार पर्यायांच्या उत्तरांना पॉलिकोरिक कोरिलेशन आणि डब्ल्यूएलएसएमव्ही (पायऱ्यांच्या उत्तरांसाठीच्या पद्धती) वापरलं की हेच आकडे बऱ्याचदा जास्त गोड दिसतात, म्हणून तिथे ०.९५ ओलांडलं म्हणजे जिंकलो असं होत नाही.

मग पॉलिकोरिक सोडून साध्या पिअर्सन कोरिलेशनवर करायचं का? तेही नको. ज्या प्रश्नांची उत्तरं एकाच बाजूला झुकलेली असतात ते पिअर्सनमध्ये एकमेकांशी जास्त जुळलेले दिसतात आणि त्यातून एक खोटाच फॅक्टर तयार होतो, जो अर्थाचा नसतो तर किती लोकांनी हो म्हटलं त्याचा असतो. जीएचक्यूमध्ये सरळ प्रश्नांची उत्तरं "नेहमीसारखंच" वर ढीग करून बसतात आणि कुचकामीवाला प्रश्न "अजिबात नाही" वर. तिने आधी पिअर्सनवर एक्सप्लोरेटरी केलं होतं, एकच्या वरच्या आयगेनव्हॅल्यू (एकेक फॅक्टर किती फरक समजावतो तो आकडा) मोजून तीन फॅक्टर काढले होते. पॉलिकोरिक घेऊन हॉर्नचं पॅरलल अ‍ॅनालिसिस केल्यावर, म्हणजे नुसत्या योगायोगाच्या डेटाशी तुलना करून किती फॅक्टर टिकतात ते बघितल्यावर, तिसरा गेला. दुसरा राहिला, पण पहिल्याशी इतका घट्ट जोडलेला की वेगळा म्हणायची लाज वाटावी.

अल्फाचं काय

चॅप्टरमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं की क्रॉनबॅक अल्फा (स्केलच्या भरवशाचा नेहमीचा आकडा) उत्तम, म्हणून स्केल एकजीव. हे वाक्य मी काढायला लावलं. समजा सहा-सहा प्रश्नांचे दोन गट आहेत, प्रत्येक गटाच्या आत सगळी कोरिलेशन ०.५, आणि दोन गटांमध्ये एकमेकांशी संबंध शून्य, म्हणजे अक्षरशः दोन वेगळ्या गोष्टी. ६६ पैकी ३० जोड्या गटांच्या आतल्या, ३६ आडव्या. सरासरी कोरिलेशन येतं साधारण ०.२३, आणि १२ प्रश्नांचा अल्फा येतो ०.७८. म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकत्र मोजूनही अल्फा पास होतो. अल्फा एकजीव आहे का ते सांगतच नाही, शिवाय सगळ्या प्रश्नांची लोडिंग सारखी असं धरून चालतो, आणि इथे सगळ्यात त्रासाचं म्हणजे उलट शब्दांमुळे आलेला जादा संबंधसुद्धा तो भरवशाच्या खात्यात जमा करतो. त्याऐवजी ओमेगा हायरार्किकल काढायला सांगितला, म्हणजे टोटल स्कोअरमधला किती भाग जनरल फॅक्टरचा हे कळतं. तो अर्थातच अल्फापेक्षा खाली आला आणि स्कॉलरचं तोंड उतरलं. म्हटलं अगं खाली आला हेच तर सांगायचंय वाचणाऱ्याला.

मग निर्णय कशावर

फिटवर नाही तर कशावर? माझ्या मते दोन गोष्टींवर. एक, दोन्ही खुलासे खरे असतील तर बाहेरच्या मोजमापांशी संबंध कसा दिसायला हवा, ते आधी लिहून काढायचं आणि मग डेटा उघडायचा. दोन, स्कोअरचं पुढे काय करणार.

पहिल्यासाठी तिचं नशीब चांगलं होतं, तिच्या डेटात जीएडी-७, डब्ल्यूएचओ-५ आणि व्होडास २.० ची छोटी आवृत्ती होती. जीएडी-७ म्हणजे चिंतेचे सात प्रश्न, सगळे त्रासाच्या भाषेत. डब्ल्यूएचओ-५ पाच प्रश्नांची, सगळे चांगल्या बाजूचे, आनंदी वाटलं, शांत वाटलं अशा धाटणीचे. व्होडास रोजची कामं, लोकांशी वागणं, हिंडणं-फिरणं यात किती अडचण आली ते विचारतं, म्हणजे कार्यक्षमताच, पण भाषा अडचणीची. आता जर ग्रेट्झचा दुसरा फॅक्टर खरंच कार्यक्षमता बिघडण्याचा असेल तर तो व्होडासशी जास्त जुळला पाहिजे आणि डब्ल्यूएचओ-५ शी कमी. आणि तो नुसता सरळ वाक्यांचा गट असेल तर उलटं व्हायला पाहिजे, डब्ल्यूएचओ-५ शी जवळीक, आणि व्होडास मात्र उलट प्रश्नांच्या गटाकडे झुकलेलं.

झालं दुसरं. कार्यक्षमतेच्या नावाचा फॅक्टर कार्यक्षमतेच्या मोजमापाशी उलट प्रश्नांच्या गटापेक्षाही कमी जुळला. स्कॉलरने स्वतःच तीन फॅक्टर सोडले ते इथे, माझ्या बोलण्यावर नाही.

पण ही चाचणी पूर्ण स्वच्छ नाही हेही लिहायला लावलं. डब्ल्यूएचओ-५ फक्त वाक्याच्या दिशेने वेगळी नाही, तिचा विषयही बरं वाटण्याचा आहे, आणि त्रास नसणं म्हणजे बरं वाटणं असं काही नसतं, सकारात्मक भावना ही वेगळी गोष्ट आहे असं मानणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं फालतू नाही. वाक्याची दिशा आणि खरी सकारात्मक भावना हे दोन एकाच वेळच्या डेटातून पूर्ण सुटे होत नाहीत. त्यासाठी तेच विषय दोन्ही दिशांनी विचारून बघावं लागेल, जे जीएचक्यूत नाही. म्हणून चॅप्टरमध्ये "शब्दांचा परिणाम सिद्ध झाला" असं न लिहिता "तीन फॅक्टरच्या नावांना बाहेरून आधार मिळाला नाही" असं लिहिलं. वाक्य फिकं आहे पण खरं आहे.

दुसरी गोष्ट वापर. स्क्रीनिंगला एक टोटल लागते, त्यावरून पुढे मुलाखतीला कोणाला पाठवायचं ते ठरतं. तिथे तीन सबस्केलचे तीन स्कोअर दिले की समोरचा माणूस त्याचे अर्थ लावत बसतो, "याची सामाजिक कार्यक्षमता ठीक आहे" वगैरे, आणि त्यातला एक स्कोअर तर दोनच प्रश्नांचा. म्हणून शेवटी एक जनरल फॅक्टर, उलट प्रश्नांना एक मेथड फॅक्टर, दहाव्या-अकराव्या प्रश्नाची एरर जोडलेली, असं मॉडेल ठेवलं. ती एरर जोडायचं कारण डेटा बघायच्या आधी लिहून ठेवलं होतं, इंडेक्स बघून नाही. सबस्केल नाहीत.

आयटम रिस्पॉन्सवाल्यांचा आग्रह

टीममधल्या एकाचं म्हणणं होतं रॅश मॉडेल (आयटम रिस्पॉन्स घराण्यातलं, एकेका प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाची पातळी काढणारं) करा, टोटल वापरायचीच आहे तर रॅशमध्येच टोटल पुरेशी असते. बरोबर आहे, रॅशमध्ये साध्या बेरजेत माणसाबद्दलची सगळी माहिती येते आणि हे त्याचं मोठं सौंदर्य. पण त्याची अट अशी की सगळे प्रश्न सारख्याच ताकदीने त्रासातला फरक ओळखतात, आणि इथे ते नव्हतं, उदास वाटण्याचा प्रश्न जेवढा फरक पाडत होता तेवढा निर्णय घेण्याचा पाडत नव्हता. अट बसावी म्हणून प्रश्न वगळत गेलं तर उरते ती जीएचक्यू-१२ नाही, दुसरीच काहीतरी प्रश्नावली. म्हणून समेजिमाचं १९६९ चं ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेल चालवलं, ज्यात प्रत्येक प्रश्नाची ताकद वेगळी असू शकते, आणि त्याचा स्कोअर आणि साधी बेरीज यात माणसांचा क्रम किती बदलतो ते बघितलं. फारसा नाही. मग बेरीजच वापरा, क्लिनिकमध्ये कोण थीटा (मॉडेलने काढलेली माणसाची पातळी) काढत बसणार. ग्रेडेड मॉडेलचा खरा उपयोग वेगळा झाला: प्रश्नावली कुठल्या पातळीवर जास्त माहिती देते ते दिसलं, आणि ती मध्यम ते जास्त त्रासाच्या पट्ट्यात देते, ठीकठाक असलेल्या दोन माणसांतला फरक तिला नीट कळत नाही. स्क्रीनिंगला हे चालतं, पण सुखी लोक आणि अजून सुखी लोक यांची तुलना करायला ही घेऊ नका.

दुसऱ्या एकाने नेटवर्क मॉडेल (लक्षणं एकमेकांना कशी जोडलेली ते दाखवणारं) सुचवलं. वाचायला छान आहे, पण टोटल वापरायची की नाही या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, म्हणून पुढे गेलो नाही.

जे कुठल्याच मॉडेलला दिसत नाही

स्कोअरिंगचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता कारण मला यात सगळ्यात जास्त रस आहे. असा माणूस घ्या की ज्याने सहाही सरळ प्रश्नांना "नेहमीसारखंच" म्हटलं आणि सहाही उलट प्रश्नांना "नेहमीपेक्षा जास्त नाही". चार पर्यायांना ०-१-२-३ ने मोजलं तर त्याचे १२ होतात. गोल्डबर्गच्या मूळ ०-०-१-१ ने शून्य. आणि १९८५ मध्ये गुडचाइल्ड आणि डंकन-जोन्स यांनी सुचवलेल्या पद्धतीने, ज्यात उलट प्रश्नांना ०-१-१-१ दिलं जातं, त्याचे सहा. माणूस तोच, उत्तरं तीच.

कोण बरोबर? ज्याला वर्षानुवर्षं उदास वाटतंय त्याच्यासाठी "नेहमीपेक्षा जास्त नाही" हे उत्तर अगदी प्रामाणिक आहे, कारण त्याचं नेहमीचंच तसं आहे. मूळ पद्धतीत तो निरोगी माणसात मोजला जातो. जीएचक्यू पातळी विचारत नाही, नेहमीपेक्षा झालेला बदल विचारते, आणि जुन्या आजाराचा माणूस त्यातून सुटतो. हे सीएफएने, म्हणजे वरच्या फॅक्टर मॉडेलच्या तपासणीने, पकडलं जात नाही, कारण सगळेच प्रश्न त्याच पद्धतीने चुकतात, कोरिलेशन छान राहतात, फिट छान राहतो. पकडायचं तर मुलाखत लागते आणि आजार किती जुना हे विचारावं लागतं.

तिच्याकडे थोड्या लोकांच्या क्लिनिकल मुलाखती होत्या, त्यांत आजाराचा कालावधी लिहिलेला होता, म्हणून तिन्ही पद्धतींनी आरओसी (कुठल्या स्कोअरला किती आजारी पकडले जातात आणि किती निरोगी उगाच अडकतात तो आलेख) काढून जुन्या आणि नव्या आजारात वेगवेगळं बघता आलं. स्क्रीनिंगचा कटऑफही तिथूनच ठरवला, दुसऱ्याच्या पेपरमधून उचलला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १५ केंद्रांवर केलेल्या अभ्यासातही सगळीकडे एकच कटऑफ चालला नव्हता, तेव्हा दुसऱ्याचा घेण्यात अर्थ नाही. बाई-पुरुष तुलनेआधी इनव्हेरियन्स (प्रश्न दोन्ही गटांत सारखंच मोजतात का) बघितला, लोडिंग ठीक, एका प्रश्नाचे थ्रेशोल्ड (एका पर्यायावरून पुढच्यावर जायच्या पातळ्या) वेगळे, तो मोकळा सोडून फरक काढला आणि नोंद केली. कुचकामीच्या प्रश्नात वरच्या पर्यायात माणसं फार थोडी होती, म्हणून वरचे दोन पर्याय दोन्ही गटांत एकत्र केले.

पेपर पाठवल्यावर एका रिव्ह्यूअरने लिहिलं की बाकी सगळ्या भाषांत तीन फॅक्टर येतात, तुमच्यात का नाहीत. उत्तरात तिने लिहिलं की आमच्यातही येतात, फिटही चांगला आहे, टेबल पुरवणीत दिलंय, आणि त्याच टेबलात शेजारी व्होडास आणि डब्ल्यूएचओ-५ शी संबंध दिलाय. रिव्ह्यूअरने दुसऱ्या फेरीत फॅक्टरबद्दल काही विचारलं नाही, ओमेगा एवढा कमी का ते विचारलं. सध्या ती त्याचं उत्तर लिहितेय.